पांढरा मिडसोल आणि आपली घासणी

रनिंग शूजची नवी जोडी पहिल्या पावसापर्यंत दुकानातल्यासारखी दिसते. एकदा चिखलातून धावणं झालं की बुटाच्या कडेने दिसणारा तो जाड पांढरा थर तांबूस किंवा करडा होतो आणि घरोघरी उपाय सुरू होतात: तारेची घासणी, टूथपेस्ट, खायचा सोडा, ब्लीच, जे हाताशी असेल ते. शाळेतल्या पीटीच्या बुटांपासून ही सवय आपल्या अंगवळणी पडली आहे. कॅनव्हासचे ते बूट खसाखसा घासायचे, वर पांढरं पॉलिश किंवा खडू फासायचा, की शनिवारच्या कवायतीला मुलगा तयार. कापड आणि टणक रबर ती घासाघीस सोसत होतं. धावण्याच्या बुटातला मधला थर, म्हणजे मिडसोल, तसा नाही. तो जागच्या जागी घट्ट झालेला फेस आहे. त्याचा पांढरेपणा ज्या रचनेतून येतो, त्याच रचनेत मळ अडकतो आणि आपण जोर लावून घासतो तेव्हा तीच रचना आणखी उघडी पडते. मिडसोल स्वच्छ करावा, पण पुन्हा पांढराशुभ्र करण्याच्या मागे लागू नये, असं इथे सांगायचं आहे. त्याची कारणं नीट कळली तर काय करायचं आणि काय टाळायचं हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

आधी पांढऱ्या रंगाचं पाहू. १९७० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या ब्रूक्स कंपनीने धावण्याच्या बुटात इथिलीन व्हिनाइल असिटेटचा, म्हणजे ईव्हीएचा फेस वापरायला सुरुवात केली. आजही बाजारातले बरेचसे बूट त्याच पदार्थावर किंवा त्याच्या मिश्रणांवर उभे आहेत. पुढे २०१३ मध्ये आदिदासने ‘बूस्ट’ या नावाने थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनच्या फुगवलेल्या दाण्यांचा मिडसोल आणला आणि २०१७ मध्ये नाइकीच्या व्हेपरफ्लायमधून पेबा (पॉलिइथर ब्लॉक अमाइड) जातीचा, आणखी हलका फेस सर्वसामान्य धावपटूंपर्यंत पोचला. यांपैकी कोणताही पदार्थ मुळात दूधपांढरा नाही. छपरावरच्या सौर पॅनेलमध्ये काचेखाली जो पारदर्शक थर असतो, तो बहुधा ईव्हीएचाच असतो. त्यातून उजेड आरपार जातो म्हणून तर तो तिथे वापरतात. हाच पदार्थ वायूने फुगवला की पांढरा दिसतो. घन ईव्हीएची घनता पाण्याच्या जवळपास असते, मिडसोलची साधारण त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकी. म्हणजे आपण हातात धरतो त्या थराचा सुमारे चार पंचमांश भाग निव्वळ वायूचा असतो. उरलेला पदार्थ असंख्य बंद पोकळ्यांच्या पातळ भिंतींमध्ये विभागलेला असतो. उजेडाचा किरण आत शिरला की प्रत्येक भिंतीपाशी थोडा वळतो, थोडा परततो आणि असे हजारो वळसे घेऊन सगळ्या रंगांसह बाहेर येतो. साबणाची वडी हिरवी असो की गुलाबी, तिचा फेस पांढराच येतो. मिडसोल त्याच नियमाने पांढरा दिसतो.

मग कारखान्यात त्याला रंग का देत नाहीत? देतात, आणि अलीकडे पोपटी, नारिंगी, काळे मिडसोलही सर्रास दिसतात. पण पांढऱ्यावर पुन्हा पुन्हा यायला कारणं आहेत. फेसाच्या भिंती उजेड विखुरतात, त्यामुळे मिसळलेला रंग फिका पडतो. गडद छटा हवी असेल तर रंगद्रव्य जास्त घालावं लागतं आणि रंगाचे बारीक कण फेस फुगताना बुडबुड्यांची बीजं बनू शकतात, म्हणजे पोकळ्यांची संख्या आणि आकार बदलतो. इंजेक्शन पद्धतीत साचा उघडताच ईव्हीए झटक्यात फुगून साच्यापेक्षा मोठा होतो. रंगागणिक हे फुगणं थोडं जरी बदललं, तरी वेगवेगळ्या रंगांच्या बुटांची मापं आणि मऊपणा जुळवणं अवघड जातं. पांढऱ्यातही टायटॅनियम डायऑक्साइड घालतातच, कारण नुसत्या फेसाचा पांढरेपणा एकसारखा येत नाही. ईव्हीए फुगवायला पूर्वापार वापरली जाणारी पूड, अझोडायकार्बनमाइड, स्वतः पिवळी असते. ती पूर्ण विघटित झाली नाही तर फेसाला पिवळट झाक राहते. ही झाक झाकण्याचं कामही पांढरं रंगद्रव्य करतं. शिवाय व्यापाराचा हिशेब आहे. एकाच मॉडेलचे वरचे कापडी भाग सात-आठ रंगांत निघतात, त्या सगळ्यांखाली एकच पांढरा मिडसोल खपतो. आणि दुकानाच्या दिव्याखाली पांढरा रंग हलका, ताजा दिसतो, हेही खरं. कंपन्या मुद्दाम लवकर मळणारा रंग देतात म्हणजे लोक लवकर नवे बूट घेतील, अशी शंका काहीजण घेतात. कारखान्यातली कारणं इतकी सरळ असताना त्या शंकेची गरज पडत नाही. बुटाच्या अगदी तळाचं रबर मात्र बहुधा काळं असतं, कारण त्यात झीज सोसण्यासाठी कार्बन ब्लॅक घातलेलं असतं. तिथे काळा रंग ओघाने येतो, फेसात पांढरा.

आता मळाकडे येऊ. ईव्हीएच्या फेसातल्या पोकळ्या बंद असतात, त्यामुळे तो स्पंजासारखा पाणी पीत नाही. मग मळ आत कसा जातो? तो आत जात नाही, पृष्ठभागावरच बसतो. पण तो पृष्ठभाग आपल्याला वाटतो तितका सपाट नसतो. साच्यातून निघालेल्या मिडसोलवर पातळ, सलग त्वचा असते. ती शाबूत असते तोवर ओल्या फडक्यानेही काम भागतं. नवा मिडसोल उन्हात तिरका धरून पाहिला तर ती किंचित चकाकताना दिसते. ही त्वचा जिथे कापली, घासली, सोलली गेली असेल तिथे वरच्या पोकळ्या अर्ध्या फुटतात आणि प्रत्येकीची एक वाटी उरते. या पोकळ्यांचं माप ढोबळमानाने माणसाच्या केसाच्या जाडीच्या आसपास किंवा त्याहून थोडं जास्त असतं. मातीतला चिकणकण दोन मायक्रॉनपेक्षाही लहान असतो. म्हणजे एका वाटीत असे कण हजारोंनी मावतात आणि ब्रशचा केस त्या वाटीच्या तळापर्यंत पोचतच नाही. त्यातच दर पावलाला मिडसोल दबतो आणि सुटतो. कडेवरच्या आडव्या सुरकुत्या उघडतात, मिटतात आणि ओला गाळ आणखी आत ओढला जातो. टाचेच्या वर, बुटाच्या बाहेरच्या बाजूला या सुरकुत्यांत पहिली काळी रेघ उमटते ती यामुळे. दाण्यांच्या मिडसोलमध्ये दोन दाण्यांमधली खाच हे काम करते. व्हेपरफ्लायसारख्या शर्यतीच्या बुटांत फेस फार मऊ असतो, थोड्या घर्षणानेही त्याची त्वचा खरवडली जाते, म्हणून ते सगळ्यात लवकर मळकट दिसतात.

मळही एका जातीचा नसतो आणि आपल्याकडे तर तो मैलागणिक बदलतो. कोकणात, गोव्यात, महाबळेश्वर किंवा साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यावर जांभ्याची तांबडी माती असते. तिचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे ज्या गेरूने आपण कुंड्या आणि भिंती रंगवतो त्याच जातीचा. साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन धावून आलेल्या बुटांवर ओला चिखल नसतानाही तांबूस झाक राहते, कारण पाण्यात न विरघळणारं एक उत्तम रंगद्रव्य वाट्यावाट्यांत बसलेलं असतं. साबण त्याला विरघळवू शकत नाही, फक्त सैल करून वाहून नेऊ शकतो. मराठवाडा-विदर्भातली काळी माती वेगळी: ओली असताना ती फुगते, चिकटते, पण पूर्ण वाळली की भेगा पडून खपल्यांनी सुटते. मुंबई-पुण्याच्या रस्त्यावरचा करडा थर आणखी वेगळा. त्यात धुराची काजळी, टायरचा चुरा, डांबराचा आणि इंजिन ऑइलचा अंश असतो. ईव्हीए हा तेलकट पदार्थांशी सहज जमवून घेणारा प्लास्टिकचा प्रकार आहे, त्यामुळे तेलकट डाग नुसत्या वाटीत बसत नाही, काळ जाईल तसा भिंतीतही मुरतो. म्हणून रस्त्याच्या काजळीला उशीर चालत नाही आणि काळ्या मातीच्या बाबतीत घाई चालत नाही. सगळ्या डागांना एकच उपाय सांगणारे सल्ले इथेच फसतात.

आणखी एक गोष्ट मळाच्या खात्यावर चुकून जमा होते, ती म्हणजे पिवळेपणा. पॉलियुरेथेन जातीचे अनेक फेस ऊन आणि हवा लागून आतून पिवळे पडतात. रेणूंची रचनाच बदलते, तिथे धुण्यासारखं काही नसतं. कपाटात ठेवलेले बूटही पिवळे पडू शकतात. प्लास्टिकच्या पिशवीत आणि पॅकिंगमध्ये असलेली काही संरक्षक रसायनं वाहनांच्या धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडशी संयोग पावून पिवळी होतात आणि जवळच्या पांढऱ्या वस्तूवर उतरतात. कापड-उद्योगाला हा त्रास चांगला परिचयाचा आहे आणि क्षार शिल्लक असेल तर तो वाढतो, हेही तिथे ठाऊक आहे. साबणाने किंवा सोड्याने धुतलेला पांढरा बूट वाळल्यावर पिवळे डाग दाखवतो, त्यामागे बऱ्याचदा पुरता न निघालेला साबणच असतो. त्यामुळे पिवळेपणा दिसला की आणखी साबण लावून घासण्याआधी एकदा नुसत्या स्वच्छ पाण्याने पुसून, सावलीत वाळवून पाहावं. त्याने गेला तर साबणाचा होता. गेला नाही तर तो बहुधा फेसाचा वयपरत्वे आलेला रंग आहे आणि तो तसाच राहू द्यावा.

या पार्श्वभूमीवर घरगुती उपायांची परीक्षा करता येते. ‘मॅजिक’ नावाने विकला जाणारा पांढरा स्पंज एका फटक्यात डाग काढतो, कारण तो मेलामाइनचा अतिशय कडक आणि बारीक जाळीचा फेस असतो, म्हणजे व्यवहारात बारीक पॉलिशपेपरच. तो डागासोबत मिडसोलची त्वचाही नेतो. त्या दिवशी बूट चकचकीत दिसतो आणि दोन आठवड्यांत पूर्वीपेक्षा जास्त मळतो, कारण आता उघड्या वाट्या वाढलेल्या असतात. टूथपेस्टमध्येही घासणारी बारीक पूड असते आणि तिचा पांढरा अंश वाट्यांत भरून राहतो. जे स्वच्छ वाटतं ते बऱ्याच अंशी पेस्टचं लिंपण असतं, पुढच्या पावसात ते वाहून जातं. नीळ कपड्याला शोभते, कारण धाग्यांवर ती समान पसरते. मिडसोलवर ती खाचांत साचून ठिपके उठवते. ब्लीचबद्दल मात्र ठामपणे नाही म्हणायला हवं. पेबा आणि पॉलियुरेथेन यांना क्लोरीनचं ब्लीच बाधतं, उलट पिवळं करतं, आणि शिवणीचा नायलॉन धागाही कमजोर होतो. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांनी ईव्हीए फुगतो आणि सोल चिकटवणारा डिंक सैल होतो. डाग काढायच्या नादात सोल उकलणं हा फार महागडा सौदा आहे.

मग करायचं काय? धावून घरी आल्यावर चिखल ओला असेल तर बूट नळाच्या मंद धारेखाली फक्त कडेने धरावा आणि हात न लावता गाळ वाहू द्यावा. ते जमणार नसेल तर चिखल पूर्ण वाळू द्यावा, मग दोन्ही बूट एकमेकांवर आपटून खपल्या पाडाव्यात आणि उरलेली धूळ कोरड्या, मऊ ब्रशने झटकावी. अर्धवट ओल्या मातीला हात लावणं हे सगळ्यात वाईट, कारण तेव्हा ती लेपासारखी वाटीवाटीत दाबली जाते. धूळ गेल्यावर इनसोल आणि लेस काढून घ्याव्यात. वाटीभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब टाकावेत. कपड्यांच्या पावडरीपेक्षा हे बरं, कारण ते सौम्य असतं आणि तेलकट काजळी धरून उचलतं. मऊ केसांचा जुना टूथब्रश त्यात बुडवून, झटकून, सुरकुत्यांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवावा. सुरकुती उघडायला एका हाताने बुटाचा पुढचा भाग किंचित वाकवावा, म्हणजे आतला गाळ समोर येतो. हे वाकवणं जोर लावण्यापेक्षा कितीतरी जास्त काम करतं आणि बहुतेक लोक नेमकं तेच करत नाहीत. प्रत्येक दोन-चार हातांनंतर ओल्या सुती फडक्याने पुसून घ्यावं, नाहीतर सुटलेला मळ तिथेच पुन्हा बसतो. डांबराचा किंवा ऑइलचा डाग असेल तर कोरड्या डागावरच लिक्विडचा थेंब ठेवून पाच-दहा मिनिटं थांबावं, मग पुसावं. शेवटी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याच्या फडक्याने साबण पूर्ण काढावा. एवढं करून जे राहील ते राहू द्यावं. दुसऱ्या फेरीत थोडं आणखी निघतं, तिसऱ्या फेरीत मात्र मळाऐवजी फेस झिजू लागतो. फडक्यावर पांढरा चुरा दिसला की हात थांबवावा.

वॉशिंग मशीनचा मोह सोडावा. अनेकजण सांगतात की आम्ही वर्षानुवर्षं मशीनमध्ये धुतो आणि काही होत नाही. कापडाला काही होत नाही, हे मान्य. पण ड्रममध्ये आपटून मिडसोलच्या कडा सोलतात, गरम पाण्याने चिकटलेले सांधे थकतात, आणि त्याचा परिणाम त्या दिवशी न दिसता शंभर-दीडशे किलोमीटरनंतर सोलच्या टोकाशी दिसतो, तेव्हा दोष कंपनीवर जातो. उष्णतेचं तर खास लक्षात ठेवावं. ईव्हीए प्रकारानुसार साधारण ७० ते ९० अंश सेल्सिअसला वितळू लागतो. बुटातला फेस रासायनिक बंधांनी जोडलेला असल्याने वितळून वाहत नाही, पण त्याच्या बराच अलीकडे मऊ होऊन आक्रसतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या आसपास जाऊ शकतो. तिथे ठेवलेले, गच्चीच्या फरशीवर वाळत घातलेले किंवा हेअर ड्रायरने वाळवलेले बूट आपला उसळता मऊपणा हरवतात. बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरून, ते ओले झाले की बदलून, पंख्याखाली सावलीत वाळवणं पुरतं. पावसाळ्यात त्याला दोन दिवस लागतील, त्यासाठी दुसरी जोडी असावी.

मळ तसाच ठेवला तर बूट खराब होणार नाही का, हा आक्षेप योग्य आहे आणि त्याचं उत्तर जागेनुसार बदलतं. मिडसोलच्या कडेवरची तांबूस झाक धावण्यावर कसलाही परिणाम करत नाही. फेसाचं आयुष्य ठरतं ते किती वेळा दबला यावर. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तो पूर्वीसारखा उसळत नाही, मग तो कितीही शुभ्र असो. मळ खरोखर त्रास देतो तो दुसरीकडे. इनसोलखाली गेलेली वाळू प्रत्येक पावलाला आतला फेस आणि मोजा कुरतडते. वरच्या जाळीदार कापडात वाळलेला चिखल ओल धरून ठेवतो, पावसाळ्यात त्यातूनच वास आणि बुरशी येते. तळाच्या रबराच्या खाचा मातीने भरल्या की ओल्या फरशीवर आणि झाडाच्या मुळांवर पाय घसरतो. आपण नेमक्या या तीन जागा सोडून कडेच्या पांढऱ्या पट्टीवर सगळा वेळ घालवतो. दहा मिनिटं असतील तर पाच तळाला, तीन आतल्या भागाला आणि उरलेली दोन मिडसोलला द्यावीत.

काहीजण यावर रंगाचा उपाय सुचवतात: मिडसोलवर पांढरा ॲक्रिलिक रंग किंवा मार्कर. संग्रहासाठी ठेवलेल्या, न धावायच्या बुटांवर तो टिकतो. धावण्याच्या बुटावर फेस दबतो आणि रंगाचा थर तेवढा दबत नाही, त्यामुळे सुरकुतीवर तो आधी तडकतो आणि मग पापुद्र्यांनी सुटतो. सुटताना खालची त्वचाही नेतो. पाणी झटकणारे फवारे वरच्या कापडाला उपयोगी आहेत, विशेषतः हलक्या पावसात. फेसावर मात्र ते दबण्या-सुटण्यात झिजून जातात. बूट धुऊन देणाऱ्या दुकानात जोडी द्यायची असेल तर आधी विचारावं की मिडसोलसाठी काय वापरता. उत्तर साबण आणि ब्रश असेल तर निर्धास्त द्यावी, स्पंज, ब्लीच किंवा रंग असेल तर फक्त वरचा भाग धुऊन मागावा.

नवे बूट घेताना तुमचा रस्ता आठवावा. तांबड्या मातीत आठवड्यातून अनेकदा धावणार असाल तर विटकरी, तपकिरी किंवा गडद मिडसोल असलेली ट्रेल जोडी घ्यावी, डोक्याला ताप राहत नाही. शहराच्या रस्त्यांसाठी करडा सोयीचा, कारण काळ्यावर वाळलेल्या धुळीचे पांढरे पट्टे उठून दिसतात आणि उन्हाने तो विटतोही. आवडलेलं मॉडेल पांढऱ्यातच मिळत असेल तर दुकानात त्याची कड बोटाने चाचपावी: गुळगुळीत, सलग त्वचा असेल तर तो बराच काळ नुसत्या ओल्या फडक्याने सांभाळता येईल. खरखरीत, कापल्यासारखी किंवा दाणेदार लागली, तर तो पहिल्या पावसातच मळेल हे धरून घ्यावा आणि पायाला नीट बसतो की नाही एवढ्यावरच निर्णय करावा.